दुखण्याचा पुरावा मागू नका, देऊही नका

ज्यांचं अंग वर्षानुवर्षं दुखतं आहे आणि ज्यांना घरी, कामावर, दवाखान्यात "रिपोर्ट तर नॉर्मल आहेत" एवढंच ऐकायला मिळतं, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. त्यांच्या घरच्यांनीही वाचावं. खरं तर घरच्यांनी आधी वाचावं. मी डॉक्टर नाही. नगर जिल्ह्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं पहिली-दुसरीला शिकवते आहे, आणि त्यातली एकोणीस वर्षं हे दुखणं अंगावर घेऊन शिकवलं आहे. त्याचं नाव फायब्रोमायल्जिया. हे नाव कळायलाच मला नऊ वर्षं लागली.

२००६ च्या पावसाळ्यात आमच्याकडे चिकुनगुनियाची साथ आली. घरटी एक तरी माणूस पडलं होतं. त्या तापाचं नाव आफ्रिकेतल्या माकोंडे भाषेतलं, अर्थ 'वाकवून टाकणारा', आणि तो खराच वाकवायचा. धडधाकट गडी भिंत धरून संडासला जात होते. त्या एका वर्षात देशभरात १३ लाखांहून जास्त संशयित रुग्णांची नोंद झाली. तेव्हा "खरंच एवढं दुखतं का गं?" असं कुणी कुणाला विचारलं नाही, कारण विचारणाऱ्याचेही घोटे सुजलेले होते. दिवाळीपर्यंत बहुतेकांची अंगं मोकळी झाली. माझं दुखणं मात्र हललं नाही. मनगटं आणि घोट्यांतून ते मान, खांदे, पाठ, कंबर, मांड्या असं सगळीकडे पसरलं. दुखणारी मी एकटी उरले आणि तिथून लोकांचा विश्वास उडायला लागला.

दुखणं कसं असतं ते सांगते, म्हणजे ज्याला होतंय त्याला ओळखू येईल. सकाळी उठताना रात्रभर कुणी अंग कांडून काढल्यासारखं वाटतं. आठ तास अंथरुणात काढले तरी झोप झाल्याची खूण अंगात नसते. ब्लाउजच्या बाहीची शिवण दंडाला रुतते. मुलगा लहान होता तेव्हा मागून येऊन गळ्यात पडायचा आणि मी अंग चोरायचे. त्याला वाटायचं, आई रागावली. जूनपासून रोज हाका मारलेल्या पोरांची नावं ऐन वेळी ओठांवर येत नाहीत. फोडणीचा वास, लाउडस्पीकर, ट्यूबलाइटचा उजेड, सगळंच टोचतं. आणि हे रोज सारखं नसतं. सोमवारी मी पोरांबरोबर मैदानावर असते, मंगळवारी मला वेणी घालता येत नाही. या कमी-जास्त होण्यामुळेच बघणाऱ्याला शंका येते. "काल तर चांगली होतीस की!"

शाळेत माझी खरी अडचण फळ्याशी व्हायची. हात डोक्याच्या वर नेला की खांद्यापासून कोपरापर्यंत कळ यायची. म्हणून मी सुविचार आणि तारीख फळ्याच्या मधोमध लिहायला लागले. तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी दोनदा सांगितलं, बाई, तारीख वर लिहायची असते. मी कारण सांगितलं. ते म्हणाले, डॉक्टरचं सर्टिफिकेट आणा. डॉक्टर म्हणाले, कशाचं सर्टिफिकेट देऊ, रिपोर्टमध्ये काहीच नाही. मग मी डाव्या हाताने उजव्या कोपराला टेकू देऊन तारीख वर लिहायला लागले, ती पुढे कितीतरी वर्षं.

घरी सासूबाईंचं म्हणणं असायचं की आम्ही नऊवारी नेसून विहिरीचं पाणी ओढलं, आमचं नाही कधी असं दुखलं. त्या वाईट नव्हत्या. त्यांना दिसत होतं ते एवढंच, की सून चालते-बोलते, नोकरीला जाते, सणाला नटते आणि भांडी घासायची वेळ आली की आडवी होते. हाडांच्या डॉक्टरांनी एमआरआय काढला आणि मणक्यात थोडी झीज आहे म्हणून पट्टा दिला. चाळिशीनंतर बहुतेकांच्या पाठीच्या एमआरआयमध्ये काही ना काही दिसतंच, ज्यांचं काहीही दुखत नाही त्यांच्याही दिसतं, हे मला फार उशिरा कळलं. पट्ट्याने काही झालं नाही. दुसऱ्या एका डॉक्टरांनी माझ्याकडे न बघता आमच्या ह्यांना सांगितलं, "यांचं मन रमेल असं काहीतरी लावून द्या." चाळीस पोरांचा वर्ग सांभाळून, दोन बस बदलून मी तिथे पोचले होते. आमचे हे परतीच्या वाटेवर काही बोलले नाहीत. त्या न बोलण्यात त्यांनी डॉक्टरांचं म्हणणं मान्य केलंय, हे मला कळलं. त्या दिवशी अंगापेक्षा ते जास्त लागलं.

२०१५ साली पुण्याला एका संधिवाततज्ज्ञांकडे गेले. हाडांचे डॉक्टर वेगळे आणि संधिवाताचे वेगळे, हेही आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक नसतं. गावाकडे तर दुखलं की हाडवैद्य नाहीतर हाडांचे डॉक्टर. या डॉक्टरांनी फाइल उघडायच्या आधी विचारलं, "झोप कशी लागते?" नऊ वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मग त्यांनी कागदावर छापलेली माणसाची आकृती दिली आणि गेल्या आठवड्यात जिथे जिथे दुखलं तिथे खुणा करायला सांगितलं. मी खुणा करत गेले. आमचे हे शेजारी बसून बघत होते. कागद निळा झाला. सांध्यांना सूज नाही हे त्यांनी हाताने दाबून पाहिलं, रक्ताच्या काही तपासण्या करून थायरॉइड, ड जीवनसत्त्व, बी-१२, आमवात यांची शंका फेडून घेतली आणि दुसऱ्या भेटीत नाव सांगितलं. मी तिथेच रडले. आजार सांगितल्यावर बाई हलकी होऊन रडते, हे आमच्या ह्यांनी पहिल्यांदाच पाहिलं.

आता हा आजार काय, ते मला जसं समजलं आहे तसं सांगते. राखणीचं कुत्रं चोर आला की भुंकतं. एखाद्या घरी एकदा चोरी झाली, कुत्र्याला मार बसला, की त्यानंतर ते पान पडलं तरी भुंकतं, पाहुणा आला तरी भुंकतं, रात्रभर झोपत नाही. अंगण तपासलं तर चोर सापडत नाही. पण भुंकणं तर सगळ्या आळीला ऐकू येतं. फायब्रोमायल्जियात मज्जारज्जू आणि मेंदू यांतली वेदनेची राखण अशी बिथरलेली असते. साधा स्पर्श, थोडा दाब, दोन जिने, एवढ्यावर ती ठणका देते. रक्ताची तपासणी आणि एक्स-रे अंगणातला चोर शोधतात: सूज, झीज, जंतू. ते नसतात, म्हणून रिपोर्ट नॉर्मल येतात. कुणाला हे एखाद्या तापानंतर सुरू होतं, कुणाला अपघात, ऑपरेशन किंवा लांबलेल्या ताणानंतर, आणि पुष्कळांना काहीच निमित्त सापडत नाही.

हे कुणी नुसतं मनाने रचलेलं नाही. २००२ साली अमेरिकेत रिचर्ड ग्रेसली आणि डॅनियल क्लॉ यांच्या गटाने सोळा रुग्ण आणि सोळा निरोगी माणसं घेतली, अंगठ्याच्या नखावर मोजून दाब दिला आणि त्याच वेळी मेंदूचं चित्रण केलं. रुग्णांना हलक्या दाबाने जेवढं दुखलं, तेवढं दुखायला निरोगी माणसांना बराच जास्त दाब द्यावा लागला. आणि तेवढं दुखल्यावर दोघांच्याही मेंदूत वेदनेच्या त्याच त्याच जागा जाग्या झालेल्या दिसल्या. म्हणजे हलक्या दाबाने "आई गं" म्हणणारी बाई सोंग करत नव्हती, तिच्या मेंदूत तेवढी वेदना खरोखर पोचत होती. त्याच्याही आधी, १९७५ साली, कॅनडात हार्वे मोल्डॉफ्स्की यांनी निरोगी तरुणांची गाढ झोप रात्रीमागून रात्र मोडली, तर काही दिवसांत त्यांचीही अंगं दुखायला लागली. माझ्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न झोपेचा का विचारला, ते यावरून कळावं. २०२१ मध्ये ब्रिटन आणि स्वीडनच्या संशोधकांनी या रुग्णांच्या रक्तातली प्रतिपिंडं उंदरांना टोचली आणि ते उंदीरही दाबाला आणि थंडीला जास्त दुखरे झाले. उंदराला तर कुणी "मनावर घेऊ नकोस" म्हणणार नाही. संशोधन अजून चालू आहे, सगळ्या गाठी सुटलेल्या नाहीत, पण दुखणं खरं की खोटं या प्रश्नाचा निकाल लागलेला आहे.

डॉक्टरांच्या जगालाही हे मान्य करायला वेळ लागला, हेही लक्षात घ्या. १९०४ साली विल्यम गॉवर्स यांनी याला फायब्रोसायटिस म्हटलं, म्हणजे तंतूंची सूज. सूज कधी सापडली नाही, तरी नाव सत्तर वर्षं चाललं. १९७६ मध्ये फायब्रोमायल्जिया हे नाव आलं. १९९० साली अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेने शरीरावरच्या १८ जागा ठरवल्या. अंगठ्याने साधारण चार किलोचा दाब द्यायचा आणि ११ जागा दुखल्या तर आजार. नियम संशोधनासाठी होता, पण दवाखान्यांतही तोच वापरला गेला, आणि ज्यांच्या दहाच जागा दुखल्या त्यांनी काय करायचं? २०१० मध्ये ही अंगठा-परीक्षा मागे पडली. आता अंगाच्या किती भागांत दुखतं, थकवा किती, झोप कशी, विसरायला होतं का, आणि हे तीन महिने टिकून आहे का, हे रुग्णाला विचारून ठरवतात. रुग्णाचं सांगणं हीच तपासणी. जागतिक पातळीवरच्या वेदना-अभ्यासकांच्या संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या नव्याने लिहिली, तेव्हा तिच्यासोबत असंही नोंदवलं की माणूस दुखतंय म्हणून सांगतो त्या सांगण्याचा आदर ठेवला पाहिजे.

निदान झालं म्हणून घरातली शंका संपली असं मात्र झालं नाही. डॉक्टरांनी रात्रीची एक गोळी दिली होती. नणंद सुट्टीला आली, तिने पाकिटावरचं नाव मोबाइलवर टाकलं आणि स्वयंपाकघरात सासूबाईंना म्हणाली, "आई, ही तर डिप्रेशनची गोळी आहे." मी दारात उभी होते. झालं, सगळ्यांना जे वाटत होतं तेच खरं ठरलं. हा प्रसंग पुष्कळ घरांत घडत असणार, म्हणून नीट सांगते. अमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन या गोळ्या नैराश्यासाठी निघाल्या आणि प्रीगॅबालिन फिट्सच्या आजारातही देतात, हे खरं आहे. पण सेरोटोनिन आणि नॉरएपिनेफ्रिन ही जी द्रव्यं मनाच्या उभारीशी जोडलेली आहेत, तीच मज्जारज्जूत वर जाणारी वेदना आवरून धरायचं कामही करतात. म्हणून तीच गोळी दोन्हीकडे लागू पडते. अमिट्रिप्टिलिन तर नैराश्यात देतात त्याहून पुष्कळ कमी मात्रेत दुखण्यासाठी देतात. गोळी कुणाला लागू पडते, कुणाला नाही; तोंड कोरडं पडतं, झापड येते, वजन वाढतं, तेही डॉक्टरांना सांगावं. मनाने सुरू करू नये आणि कुणी काही बोललं म्हणून एका रात्रीत बंदही करू नये. आणि एखाद्याला दुखण्याबरोबर नैराश्यही असलं, तर त्याने दुखणं खोटं ठरत नाही. दहा वर्षं अंग दुखलं आणि कुणी विश्वास ठेवला नाही, तर मन खचेल नाही तर काय होईल?

आता ज्यांना दुखतं त्यांच्याशी बोलते. बायांनो, आणि पुरुषांनाही हे होतं, ते बोलत नाहीत, म्हणून भावांनो, पुरावा देत बसू नका. मी ते फार वर्षं केलं. कुणी विचारलं "कशी आहेस?" की मी मानेपासून घोट्यापर्यंत हिशेब द्यायची. कण्हण्याचा आवाज पोचेल इतपत मोठा ठेवायची, कारण वाटायचं, न कण्हता बसले तर म्हणतील दुखत नाही. सांगायला लाज वाटते, पण जे दिसतं तेवढंच लोक धरतात हे कळल्यावर माणूस असं वागायला लागतं. ऐकणाऱ्याचे कान विटतात आणि आपलं लक्ष चोवीस तास दुखण्यावर खिळून राहतं. राखणीच्या कुत्र्याला आपणच डिवचत राहतो.

याची दुसरी बाजू आणखी घातक आहे. आपण आळशी नाही हेही आपल्याला सिद्ध करायचं असतं. एका भाद्रपदात मला जरा हलकं वाटत होतं. गौरी जेवायच्या दिवशी पहाटे चारला उठून पुरण शिजवलं, वाटलं, चाळीस पोळ्या लाटल्या, सोळा भाज्यांची भाजी चिरली, सवाष्णींची पंगत वाढली, रात्री हळदीकुंकवाला आलेल्यांना दारापर्यंत पोचवलं. कुणी म्हणालं, "बघा, आता किती छान झाल्या बाई." मला ते ऐकायचंच होतं. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मला बादली उचलता आली नाही. नऊ दिवस शाळा बुडाली. आणि घरात ऐकू आलं, सणाला पळता येतं, शाळेला जाता येत नाही. बऱ्या दिवशी सगळं उरकून टाकायचं आणि मग आठवडाभर पडायचं, हा घाणा जवळजवळ प्रत्येक रुग्ण फिरवतो. तो थांबवा. बऱ्या दिवशी रोजच्याएवढंच काम करा. अवघड जाईल, कारण हातात बळ असताना थांबायचं असतं. मी घड्याळ लावून थांबायला शिकले: वीस मिनिटं काम, मग पाठ टेकून दहा मिनिटं, पोळ्या अर्ध्या झालेल्या असल्या तरी.

पुराव्याऐवजी मागणं मागा. "माझं किती दुखतंय तुम्हाला काय कळणार" असं मीही म्हणायची; त्याला समोरच्याकडे उत्तर नसतं. "आज कणीक तुम्ही मळा, पोळ्या मी लाटते", याला उत्तर असतं. "दळणाचा डबा उचलून ठेव", "मला बाजारात नेऊ नका, पण यादी मी करते." छोटं, स्पष्ट, त्या वेळचं. नाही म्हणायचं असेल तरी लांबलचक कारण देऊ नका. "लग्नाला येईन, पण जेवण झालं की निघेन" एवढं पुरतं. जो विश्वास ठेवणारच नाही, त्याच्यापुढे फाइल उघडू नका. सगळ्या गावाचा विश्वास लागत नाही. घरातलं एक माणूस आणि एक डॉक्टर, एवढे पुरतात.

ते घरातलं माणूस मिळवण्याचा एक मार्ग सांगते: डॉक्टरांकडे एकट्या जाऊ नका. नवरा, मुलगी, भाऊ, जो असेल त्याला आत घेऊन जा, बाहेर बाकावर बसवू नका. आमच्या ह्यांना माझ्या तोंडून नऊ वर्षांत जे पटलं नाही, ते डॉक्टरांच्या तोंडून वीस मिनिटांत पटलं. याचं मला वाईट वाटलं होतं. आता वाटत नाही. त्यांनाही कुणी समजावून सांगितलं नव्हतं.

अंगासाठी करायचं ते थोडकं आहे पण चिकाटीचं आहे. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने सगळे उपचार तपासून पाहिले, तेव्हा ज्याची ठाम शिफारस केली ते एकच निघालं: व्यायाम. हे वाचून राग येतो, मलाही आला होता. ज्याला बादली उचलत नाही त्याला कसला व्यायाम? पण सुरुवात पाच मिनिटांच्या चालण्यापासून करायची असते. मी शाळेच्या मैदानाला एक फेरी मारायची, बस. पंधरा दिवसांनी दीड फेरी. पहिले काही आठवडे दुखणं वाढू शकतं, त्याला घाबरून सोडू नका आणि उत्साहात दुप्पटही करू नका. आता मी रोज तीस-पस्तीस मिनिटं चालते. त्याला दोन वर्षं लागली. झोपेची वेळ पक्की ठेवा, दुपारनंतरचा चहा सोडा, रात्री गरम पाण्याने अंघोळ करून पाहा. सांधे या आजारात झिजत नाहीत, वाकडे होत नाहीत, हालचालीने काही तुटत नाही. ही गोष्ट मनात पक्की बसली की चालताना भीती कमी होते, आणि भीती कमी झाली की ठणकाही थोडा उतरतो, हा माझा अनुभव आहे.

काही गोष्टींपासून लांब राहा. दुखलं की वेदनाशामक, असं रोज करू नका. त्या गोळ्यांचा या दुखण्यात फारसा उपयोग होत नाही आणि पोट, मूत्रपिंड यांना त्रास होतो. नाव नसलेल्या पुड्या तर मुळीच नको. "दोन दिवसांत उठवून बसवतो" म्हणणाऱ्याच्या पुडीत स्टिरॉइड मिसळलेलं असू शकतं. आमच्या ओळखीतल्या एका बाईंचा चेहरा सुजला आणि साखर वाढली, तेव्हा कुठे ते कळलं. आणि निदान झालं म्हणून प्रत्येक नवं दुखणं याच खात्यावर टाकू नका. सांधा सुजून लाल झाला, ताप राहिला, वजन उतरलं, हातापायातलं बळ गेलं, छातीत दुखलं, तर पुन्हा डॉक्टरांकडे जा. एक आजार असला म्हणजे दुसरा होत नाही, असं नसतं.

घरच्यांनो, आता तुमच्यासाठी. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकाने १९९६ मध्ये भिगवण गावात घरोघरी जाऊन पाहणी केली, तेव्हा प्रौढांपैकी जवळजवळ पाचातल्या एकाला सांध्या-स्नायूंचं काही ना काही दुखणं आढळलं. फायब्रोमायल्जिया त्यातला एक लहान वाटा. जगात साधारण शंभरात दोन ते चार जणांना तो असतो. म्हणजे तुमच्या भावकीत, तुमच्या ऑफिसात, तुमच्या बचतगटात तो आहेच, आणि त्यातल्या पुष्कळांना नाव ठाऊक नाही. त्या माणसाला "काल तर बरी होतीस" म्हणू नका. काल बरी होती, हे खरं आहे. आज नाही, हेही खरं आहे. "आमच्या वेळी" असं सुरू करू नका. "मन रमव", "योग कर", "सकारात्मक राहा" हे सगळं त्या माणसाने तुमच्याआधी शंभरदा ऐकलेलं आहे. योग चांगलाच आहे. शिकवायचा असेल तर सकाळी त्याच्याबरोबर चटई टाकून बसा. अंगाला हात लावायच्या आधी विचारा, मुलांनाही तसं शिकवा. दया दाखवून सगळं काम काढून घेऊ नका, त्याने माणूस आणखी खचतं. कोणतं काम ठेवायचं आणि कोणतं द्यायचं, हे त्यालाच ठरवू द्या.

आणि विश्वास ठेवल्याने माणूस लाडावेल, दुखणं धरून बसेल, ही भीती सोडा. ज्या दिवशी आमचे हे म्हणाले, "तू सांगू नकोस, मला दिसतंय, पडून राहा", त्या दिवशी मी तासाभराने उठून त्यांच्याबरोबर भाजी निवडायला बसले. पटवून देण्यात जे बळ जात होतं, तेच वाचलं होतं.

कामाच्या ठिकाणी वाट बिकट आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार मोजले आहेत, त्यांत फायब्रोमायल्जिया नाही. म्हणून नोकरीतली सवलत हक्काने मिळत नाही, समोरच्या माणसाच्या समजुतीवर मिळते. तुम्ही मुख्याध्यापक असाल, शाखाधिकारी असाल, दुकानाचे मालक असाल, तर सर्टिफिकेटची वाट न बघता देता येण्यासारखं पुष्कळ असतं: बसायला खुर्ची, तळमजल्यावरचं टेबल, जड गठ्ठा उचलायला दुसरे हात. आणि कामावर असो की घरी, ज्यांना सोसून सोसून जगणंच नको वाटायला लागलं असेल, त्यांनी १४४१६ हा सरकारचा टेली-मानसचा नंबर लावावा. फोनला पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं, दिवस-रात्र चालू असतो. रात्री दोनला मी छताकडे बघत पडायची, तेव्हा असं काही नव्हतं. आता आहे, तर लावा.

गेल्या जूनमध्ये आमच्या शाळेत नवे मुख्याध्यापक आले. पहिल्या आठवड्यात मी त्यांच्याकडे गेले. फाइल नेली नाही, आजाराचं नावही काढलं नाही. म्हटलं, "सर, माझ्या वर्गातला फळा दोन वीत खाली घेऊन द्याल का? माझा हात वर जात नाही." ते म्हणाले, "बरं, शनिवारी माणूस पाठवतो." शनिवारी सुतार आला, भिंतीला नवी भोकं पाडली, फळा खाली बसवला, जुन्या भोकांत सिमेंट भरलं आणि गेला. अर्धा तास लागला. मी तारीख फळ्याच्या अगदी वरच्या कडेला लिहिते आता. सोमवारी पहिलीतली एक मुलगी खडू घेऊन फळ्याशी गेली, टाचा न उचलता माझ्या तारखेशेजारी तिने स्वतःचं नाव लिहिलं आणि वळून बघितलं, पुसायला सांगते की काय म्हणून. मी पुसायला सांगितलं नाही.